हिशेब पहिल्या ओळीपासून

तुमच्या फोनमध्ये खर्च लिहायचं एखादं अ‍ॅप असेलच. मेसचे पैसे, एसटीचा पास, झेरॉक्स, प्रॅक्टिकलची जर्नल, आणि फेब्रुवारीत मित्राला दिलेले दोनशे. पहिल्या महिन्यात ते बोट लावताच उघडायचं. आता सात-आठ महिन्यांनी ते उघडायला लागलं की पांढरा पडदा येतो, गोल फिरत राहतं, फोन गरम होतो, बॅटरी उतरते. आणि एवढं करून उघडलंच, तर शिल्लक भलतीच दिसते. तुम्ही काय करता? फोन बंद करून चालू करता. दोन दिवस बरं चालतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तुमच्या वर्गात कुणी बीसीएसवाला मित्र असेल तर तो सांगेल, ही गळती आहे. प्रोग्रॅम कामासाठी मेमरी मागून घेतो, काम संपतं, पण घेतलेली जागा परत करायची राहून जाते. एकदा राहिली तर काही बिघडत नाही. प्रत्येक नोंदीमागे राहिली की फोनचा जीव मेटाकुटीला येतो. फोन बंद-चालू केल्याने साचलेलं वाहून जातं, पण भोक तिथेच असतं. ते सापडायचं तर मागे मागे जावं लागतं: कुठली गोष्ट उघडली आणि बंदच केली नाही?

तुम्ही शिरूरला किंवा दौंडला शिकत असाल, तर तुमच्या आजूबाजूच्या गावांतले हिशेब याच पद्धतीने, पहिल्या ओळीपासून तपासायचं काम एका माणसाने दीडशे वर्षांपूर्वी केलं. त्यांचं नाव तुम्हाला पाठ आहे. परीक्षेत पाच मार्कांना येतं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे म्हटलं की आपल्याला पगडी, मिशा, प्रार्थना समाज आणि समाजसुधारणा एवढं आठवतं. पण आयुष्याची कित्येक वर्षं हा माणूस शेतकऱ्यांच्या कर्जाची खतं तपासत होता, हे पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. म्हणून आज तेच सांगतो.

आधी गावाकडे जाऊ. शिरूर तालुक्यातलं कर्डे गाव. डिसेंबर १८७४. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या कुळावर दीडशे रुपयांच्या कर्जापोटी हुकूमनामा मिळवला आणि त्याचं घर उतरवायला घेतलं. गाव बिथरलं. सावकाराकडे कुणी कामाला जाईना, न्हावी हजामत करीना, पाणक्या पाणी भरीना. हा बहिष्कार आजूबाजूच्या गावांत पसरला. मग पुढच्या उन्हाळ्यात, १२ मे १८७५ ला, सुप्याच्या बाजारात ठिणगी पडली. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं, म्हणजे आपल्या आताच्या दौंडच्या जुन्या तालुक्यात. लोकांनी सावकारांच्या दुकानांना वेढा घातला आणि मागितलं काय, तर वह्या आणि खतं. ती रस्त्यात आणून जाळली. धान्याची दुकानं लुटली गेली, काही ठिकाणी घरंही पेटली, हे खरं. पण जिथे सावकाराने कागद मुकाट हातात दिले, तिथे सहसा कुणी अंगाला हात लावला नाही. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत हे लोण गेलं. सरकारने लष्कर बोलावलं, ९५१ लोकांना पकडलं.

लोकांना कागदच का जाळावेसे वाटले, याचा विचार करा. त्यांना ते वाचता येत नव्हते. पण आपली जमीन, बैल आणि घर त्या कागदात कुठेतरी वाहून जातंय, एवढं कळत होतं. अ‍ॅपमधली शिल्लक पटेना म्हणून फोन भिंतीवर आपटावा, तशातला प्रकार.

रानडे तेव्हा पुण्यात पहिल्या वर्गाचे सबजज्ज होते. वय तेहतीस.

त्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. वडील गोविंदराव पुढे कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत गेले, त्यामुळे लहानपण कोल्हापुरात गेलं. हा मुलगा म्हणे अबोल, जरा मंदच वाटायचा. त्याची एक आठवण नेहमी सांगतात. खेळायला कुणी नव्हतं, तर पोरगा वाड्यातल्या खांबाशी सोंगट्या खेळायला बसला. एका हाताने स्वतःचे फासे टाकायचे, दुसऱ्या हाताने खांबाचे. आणि खांब जिंकला! घरातल्यांनी चेष्टा केली, पण याला त्यात लाजण्यासारखं काही वाटेना. दान खरोखर खांबाचंच पडलं होतं. मला ही गोष्ट त्यांच्या सगळ्या मोठ्या भाषणांपेक्षा जास्त आवडते. दोन्ही बाजूंचे फासे आपल्याच हातात असताना समोरच्याच्या नावावर खोटं दान मांडायचं नाही, हे सोपं नसतं. शेतकऱ्याची वही लिहिणारा सावकार नेमका याच जागी बसलेला होता. देणंही तोच लिहिणार, घेणंही तोच.

पुढे मुंबईला एल्फिन्स्टन. मुंबई विद्यापीठाचे पहिले बीए झाले १८६२ साली, चौघेजण: रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पुढे एमए, मग १८६६ ला एलएलबी. वाचण्याचा सपाटा असा की ऐन विशीत डोळे गेल्यातच जमा झाले. दृष्टी वाचली, पण पुढे जन्मभर ते दुसऱ्याकडून वाचून घेत. कॉलेजातच एका उत्तरात त्यांनी इंग्रजी राज्यापेक्षा मराठ्यांच्या राज्याची बाजू उजवी मांडली म्हणून प्रिन्सिपल सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबवली, असं सांगतात. गंमत म्हणजे त्यांनी ग्रँटसाहेबांविषयीचा आदर काही सोडला नाही. तुम्ही-आम्ही सोडला असता.

१८७१ साली ते पुण्यात आले. आदल्याच वर्षी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी सार्वजनिक सभा काढली होती. काका धावणारे, रानडे विचार करणारे. सरकारी नोकर असल्यामुळे रानड्यांना पुढे बसता येत नव्हतं, म्हणून ते मागे बसून काम करत. सभेने १८७३ मध्ये शेतसारा आणि रयतेच्या स्थितीची माहिती गोळा करून अहवाल छापला, इंग्लंडातल्या पार्लमेंटच्या समितीपुढे ठेवण्यासाठी. म्हणजे सुप्याला वह्या जळण्याच्या दोन वर्षं आधी पुण्यात बसून काही माणसं आकडे जमवत होती.

आता ती गळती नेमकी कुठे होती ते बघा. हा भाग जरा वहीपेन घेऊन वाचा.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार बोलावून बोलावून कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्याच सुमाराला सरकारच्या जमीन-मोजणीची तीस वर्षांची मुदत संपत आली होती; नव्या आकारणीत सारा वाढला. सारा रोख भरायचा, तोही ठरल्या तारखेला. पाऊस पडो न पडो. शिरूर आणि भीमथडी म्हणजे तेव्हा कोरडवाहू मुलूख. आजचा ऊस डोळ्यांपुढे आणू नका.

आणि एक कायदा होता १८५९ चा, मुदतीचा. कर्जाचं खत तीन वर्षंच चालेल, त्यानंतर त्यावर दावा लावता येणार नाही. हेतू चांगला होता: व्याज वर्षानुवर्षं साचू नये. पण सावकाराने काय करावं? तीन वर्षं भरत आली की कुळाला बोलवायचं आणि नवं खत करून घ्यायचं. जुन्या खतातलं मुद्दल अधिक थकलेलं व्याज, ही सगळी रक्कम नव्या खतात मुद्दल म्हणून चढवायची. जुनं खत पुष्कळदा परत मिळायचं नाही. भरणा केला तर पावती मिळायची नाही. धान्य, तूप, बैल देऊन फेडलं तर त्याची किंमत सावकार लावेल ती.

हिशेब करून बघू. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. कर्ज १०० रुपये, व्याज महिन्याला शेकडा २. तीन वर्षांत व्याज झालं ७२. नवं खत १७२ चं. सहा वर्षांनी तेच खत होतं २९५ रुपये आणि वर थोडे आणे. नऊ वर्षांनी ५०८. बारा वर्षांनी ८७५. मध्ये कुळाने दर वर्षी वीस रुपयांची बाजरी घातली असेल, म्हणजे एकूण २४०, आणि तिची नोंदच झाली नसेल, तरी आकडा ८७५ च. आपल्याकडे जुना रिवाज होता दामदुपटीचा: कितीही वर्षं जावोत, एका वेळी व्याज मुद्दलाहून जास्त मागता यायचं नाही. त्या हिशेबाने शंभराचे फार तर दोनशे. पण दर तीन वर्षांनी मुद्दलच नवं होत असेल, तर दामदुपट मोजायची कशाच्या? सरकारने नेमलेल्या दंगल चौकशी आयोगापुढे तर असंही एक प्रकरण आलं की शंभराच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावलेलं होतं.

तुमच्या भाषेत सांगायचं तर नवं खत म्हणजे रीस्टार्ट. फरक एवढाच, की फोन रीस्टार्ट केला की कचरा निघून जातो. इथे सगळा कचरा पहिल्या ओळीत मुद्दल म्हणून नोंदून नवं पान सुरू व्हायचं. वर पान स्वच्छ. एक रक्कम, एक तारीख, खाली अंगठा. कोर्टातला न्यायाधीश ते स्वच्छ पान बघायचा, अंगठा कुणाचा ते विचारायचा, आणि हुकूमनामा द्यायचा. कायद्याने त्याला मागचं पान उलटायची गरजच नव्हती.

रानडे स्वतः त्या न्यायाधीशांपैकी एक होते. रोज असले दावे समोर येत असणार. सभेचं त्रैमासिक १८७८ ला सुरू झालं, त्यातले बरेचसे लेख रानड्यांच्या लेखणीतून उतरलेले, पण नाव न घातलेले. शेतीकर्ज, सारा, जमीन-विक्रीचे कायदे, असले रुक्ष विषय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: एकट्या सावकाराला दुष्ट ठरवून काही उपयोग नाही. ताठर सारा, तो भरायला लागणारी रोकड, कर्ज मिळण्याचा एकच दरवाजा आणि आंधळी कोर्टं, या सगळ्यांतून मिळून ही गळती होते. सरकारला यातला सावकाराचा भाग पटायचा, साऱ्याचा भाग पटायचा नाही.

आणि सरकारला रानडेही पटेनासे झाले होते. १८७६-७८ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती छापून सरकारची कोंडी केली. १८७८ ला रानड्यांची नाशिकला बदली झाली. १८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडक्यांनी पहिला दरोडा घातला तो आपल्या शिरूर तालुक्यात, धामारीला. फडके पुण्यात असताना रानड्यांची व्याख्यानं ऐकायला जात. मे महिन्यात पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाड्याला आग लागली. लगेच रानड्यांची धुळ्याला उचलबांगडी. तिथे त्यांची टपाल फोडून वाचली जायची, हे त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणींत आहे. माणूस शांत राहिला. लपवण्यासारखं काही नव्हतं. असतील ते सगळे आकडेच.

रमाबाईंचं नाव आलं म्हणून एक नोंद इथेच करतो, ती टाळून पुढे जाणं बरं नाही. पहिल्या पत्नी १८७३ ला वारल्या. रानडे विधवाविवाहाचे उघड पुरस्कर्ते. सगळ्यांना वाटलं, आता हे स्वतः विधवेशी लग्न करतील. वडिलांनी घाईने अकरा वर्षांची मुलगी ठरवली आणि एकतीस वर्षांचे रानडे नाही म्हणू शकले नाहीत. लोकांनी नावं ठेवली, ती रास्तच होती. त्या मुलीला त्यांनी शिकवलं, पुढे ती रमाबाई रानडे झाली, पुण्यात मुलींची शाळा आणि सेवासदन यांच्या कामात उभी राहिली, हे सगळं खरं आहे. पण त्याने आधीची नोंद खोडली जात नाही.

१८७९ च्या शेवटी कायदा झाला. दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. यातली कलमं आज वाचली तर एखाद्या हुशार प्रोग्रॅमरने बग शोधून दुरुस्ती लिहावी तशी वाटतात. न्यायाधीशाने खतावर थांबायचं नाही. व्यवहार जिथून सुरू झाला तिथपर्यंत मागे जायचं, दोघांना विचारायचं. मुद्दल वेगळं मांडायचं, व्याज वेगळं. व्याज मुद्दलात मिसळायचं नाही. कुळाने भरणा केला की पावती द्यायचीच. मागितल्यास वर्षाचा हिशेब लिहून द्यायचा, पासबुक द्यायचं. खतं गावच्या नोंदणीदारासमोर लिहायची. कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकायचं नाही. आणि ज्या तीन वर्षांच्या मुदतीमुळे खतं सारखी बदलावी लागत होती, ती मुदत वाढवून सहा वर्षं, आणि नोंदणी केलेल्या खताला बारा वर्षं केली. म्हणजे साचलेलं पाणी उपसून थांबले नाहीत, भोकही बुजवलं.

कायदा लिहिणं वेगळं आणि चालवणं वेगळं. चालवण्यासाठी एक विशेष न्यायाधीश नेमला गेला, डॉ. पोलन. त्यांच्या हाताखाली १८८१ मध्ये रानड्यांना आणलं. दोन वर्षांपूर्वी ज्याची टपाल फोडत होते, त्यालाच सरकारने हे नाजूक काम दिलं. पुढे १८८७ ला ते स्वतः विशेष न्यायाधीश झाले आणि १८९३ पर्यंत राहिले.

या कामाचं स्वरूप काय? खालच्या कोर्टांनी निकालात काढलेली प्रकरणं तपासायची. तालुक्या-तालुक्यांत फिरायचं, दप्तर मागवायचं, कारकुनाकडून वाचून घ्यायचं, कारण स्वतःचे डोळे अधू. पहिलं कर्ज कधी, कशासाठी, हातात किती पडलं? त्यानंतर काय काय भरलं? दुसरं खत झालं तेव्हा पहिलं फाडलं का? फाडलं नसेल तर ते कुठे आहे? एका वेळी एकाच कर्जाची दोन जिवंत खतं असू शकत होती. उघडलं आणि बंद केलं नाही. तुमच्या बीसीएसवाल्या मित्राला ही गोष्ट सांगा, तो लगेच ओळखेल.

हा फिरतीचा संसार रमाबाईंनी त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलाय. ते १९१० साली आलं. एकदा मिळवून वाचा. भाषा साधी आहे, आणि मोठ्या माणसाविषयी लिहिताना बाई फुलं उधळत बसत नाहीत.

आता दुसरी बाजू. कायद्याने गळती कमी झाली, पण गाडी मंदावली. प्रत्येक दाव्यात पहिल्यापासून इतिहास काढायचा म्हटल्यावर दावे लांबले. दाव्याआधी तडजोड करणाऱ्याकडे जायचं, त्यात आणखी वेळ. सावकार सावध झाले. कर्ज द्यायला कां-कूं करू लागले. काहींनी गहाणखत लिहून घेण्याऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली: तोंडी सांगायचं की फेडलंस की परत देईन, कागदावर मात्र जमीन विकलेली. विक्रीच्या व्यवहारात तपासायला मुद्दल-व्याज असतंच कुठे? एक भोक बुजवलं की पाणी दुसरीकडून वाट काढतं, ते असं.

रानड्यांना हे दिसत होतं. कोर्टात कितीही बारकाईने तपासलं तरी पेरणीच्या वेळी शेतकऱ्याला पैसे कुणीतरी द्यायला हवेतच. म्हणून त्यांचा जीव बँकेत अडकलेला. सर विल्यम वेडरबर्न आणि पुण्याच्या मंडळींनी १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना आखली. रानडे त्यात होते. मुंबई सरकार तयार, लॉर्ड रिपनचं हिंदुस्थान सरकार तयार. लंडनमधल्या भारतमंत्र्याने नाही म्हटलं. संपलं. पुरंदरातून दौंड दिसतो एवढ्या अंतरावर ही बँक उभी राहिली असती; शिरूर-भीमथडीत तिचं लोण यायला किती वेळ लागला असता? १८९१ मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेतही रानड्यांनी जमिनीच्या तारणावरच्या कर्जाची नव्याने रचना कशी करावी यावर निबंध वाचला. युरोपातल्या देशांनी काय केलं, त्याचे दाखले देत. दहा वर्षं उलटली तरी विषय सोडला नव्हता.

मधे १८८६ ला एक गमतीशीर वळण आलं. हिंदुस्थान सरकारचा खर्च हाताबाहेर चालला होता, तो कुठे कापता येईल हे बघायला समिती नेमली गेली आणि मुंबई इलाख्यातून रानड्यांना बोलावलं. म्हणजे शेतकऱ्याच्या वहीनंतर आता सरकारची वही. त्यासाठी कलकत्त्याला राहावं लागलं. तिथे रमाबाईंना बंगाली शिकायचं होतं. रानड्यांनी बंगाली पुस्तकं आणली आणि स्वतःही शिकायला बसले. दाढी करायला येणाऱ्या न्हाव्यासमोर पुस्तक धरून मोठ्याने वाचायचे, आणि न्हावी उच्चार दुरुस्त करायचा. रमाबाईंनी हे लिहिलंय. आपल्याला येत नाही ते ज्याला येतं त्याला विचारावं, मग तो कुणी का असेना, हे त्यांना सहज जमायचं.

१८९३ ला न्यायमूर्ती तेलंग वारले आणि त्यांच्या जागी रानडे मुंबई हायकोर्टात गेले. फिरती थांबली. १६ जानेवारी १९०१ ला, एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, ते गेले. सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला १९०४ ला, तीन वर्षांनी. तुमच्या गावात सोसायटी आहे ना, जिथून वडील पीककर्ज काढतात? तिची कागदोपत्री वंशावळ तिथून सुरू होते.

आता तुमचं अ‍ॅप. ते मी विसरलेलो नाही.

सगळ्यात आधी नोंदी एका फाईलमध्ये बाहेर काढून ठेवा. जवळपास प्रत्येक अ‍ॅपमध्ये ती सोय असते. वह्या जाळण्याआधी नक्कल हवी. मग सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅपने किती जागा आणि बॅटरी खाल्ली ते बघा. कॅश साफ करणं आणि डेटा साफ करणं यांत घोळ घालू नका. पहिल्यात फक्त तात्पुरता पसारा जातो, दुसऱ्यात फोनवरच्या नोंदीही जातात. प्रत्येक बिलाचा फोटो जोडायची सवय असेल तर जुने फोटो काढून टाका. मंदपणाचं कारण बऱ्याचदा तेच निघतं. अ‍ॅप तुमचे एसएमएस वाचून आपोआप नोंदी करत असेल, तर बँकेचा आणि यूपीआयचा, असे एकाच खर्चाचे दोन मेसेज येऊन दुहेरी नोंद झालीय का बघा. रेंज नसलेल्या गावात राहत असाल तर न गेलेल्या नोंदींची रांग साचते आणि अ‍ॅप ती पुन्हा पुन्हा पाठवत बसतं. एकदा कॉलेजच्या वायफायवर अ‍ॅप उघडं ठेवून ती रांग जाऊ द्या. गेल्या वर्षाच्या नोंदी वेगळ्या फाईलला टाका आणि नवीन वर्ष नव्या खात्यात सुरू करा. पण सुरुवातीची शिल्लक अ‍ॅपमधून उचलू नका, बँकेच्या पासबुकातून घ्या. नाहीतर जुनी चूक मुद्दल होऊन बसते.

आणि एवढं करूनही शिल्लक जुळत नसेल, तर गळती अ‍ॅपमध्ये नाही, खिशात आहे. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेचं पान उघडा. एक महिना फुकट म्हणून घेतलेलं, नंतर विसरलेलं काहीतरी तिथे दर महिन्याला पैसे ओढत असेल. उघडलं होतं, बंद केलं नाही. हप्त्यावर फोन घेतला असेल किंवा मोबाईलवरून झटपट कर्ज काढलं असेल, तर त्याचं मुख्य माहितीपत्रक मागा. डिजिटल कर्जांसाठी ते देणं रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या नियमांत बंधनकारक केलंय, आणि त्यात सगळे आकार धरून वर्षाचा व्याजदर लिहिलेला असावा लागतो. एक कर्ज फेडायला दुसरं काढलं असेल, तर पहिल्याची थकबाकी आणि दंड दुसऱ्याच्या मुद्दलात गेलाय का, एवढं स्वतः वहीवर मांडा. शेवटच्या आकड्यापासून सुरुवात करू नका. हातात पहिल्यांदा किती पडले, तिथून करा.

आणि हो, फेब्रुवारीत मित्राला दिलेले दोनशे. ती नोंद अजून उघडीच आहे.